वाट कोणी कोणास द्यावी?

एकाच वाटेवरून पायी चालणारा मनुष्य, सायकलीवर बसलेला मनुष्य आणि एखादे कुत्रे ही तिघे एकाच वेळी जाऊ लागली म्हणजे त्यांपैकी वाट कोणी कोणास द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता इतका क्षुल्लक दिसतो की, त्यालाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. साम्राज्यांच्या उदयास्ताचा इतिहास लिहिणारे पुष्कळ. रस्त्याच्या कडेचा इतिहास लिहिणारे थोडे. पण राज्य कोणाचे आहे ह्याचा प्रत्यय सामान्य मनुष्यास वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी येतो, आणि रस्त्यावर आपणास कोणी कसे वागविले ह्याचा प्रत्यय मात्र दररोज सकाळसंध्याकाळ येत असतो. एखाद्या समाजात बलवान मनुष्य दुर्बळाशी कसा वागतो हे पाहावयाचे असेल, तर कचेरीत अगर न्यायमंदिरात जाण्यापूर्वी घटकाभर एखाद्या अरुंद रस्त्याच्या कडेला उभे राहावे असे आम्हांस वाटते.

मराठवाड्याच्या उत्तर सीमेवर, विदर्भाला लागून असलेले सेनगाव हे अशा निरीक्षणास चांगले ठिकाण आहे. आज ते हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपुरास पायी निघते, ती रिसोडवरून सेनगावास येते व पुढे नर्सी नामदेव, औंढा नागनाथ असा मुक्काम करीत परभणीकडे जाते. म्हणजे ज्या रस्त्यावर एरवी ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि एस.टी. धावतात, तोच रस्ता वर्षातून एकदा शेकडो पायी चालणारांचा होतो. आणि एरवी तरी तो सर्वस्वी यंत्रांचा असतो असे नाही. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाया, काठी टेकीत निघालेले म्हातारे, शाळेस निघालेल्या सायकलस्वार मुली, धनगरांची मेंढरे व त्यांच्या मागेपुढे धावणारी कुत्री, ह्या सर्वांचा तोच एक रस्ता. पदपथ नावाची वस्तू शहरातली. खेड्याच्या वाटेला मुरमाची साइडपट्टी मिळाली तरी पुष्कळ झाले. ती मिळेल तेथे तिच्यावर सर्वांचाच हक्क, आणि म्हणूनच कोणाचाच नाही.

वाट देण्याविषयीचे नियम आपल्याकडे फार प्राचीन आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणास वाट द्यावी ह्याची एक यादीच दिलेली आहे: वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नास निघालेला नवरदेव. गौतम व आपस्तंब ह्यांच्या धर्मसूत्रांतही थोड्याफार फरकाने हाच विषय आला आहे. ह्या यादीत वाहनात बसलेल्याचे नाव सर्वांच्या आधी घातलेले पाहून आधुनिक वाचकास प्रथम आश्चर्य वाटेल, कारण दुर्बळांच्या पंक्तीला हा सबळ कोठून आला? पण थोडा विचार केला म्हणजे उलगडा होतो. म्हातारा, रोगी, भारवाही ह्या सर्वांमध्ये एक गोष्ट समान आहे, ती ही की, त्यांना चटकन बाजूस होता येत नाही. जुन्या काळच्या गाडीचीही तीच गत होती. दोन बैल जुंपलेली, मालाने भरलेली, चाकोरीत उतरलेली गाडी एकाएकी वळत नाही, थांबत नाही आणि मागे तर सरतच नाही. पायी चालणारास मात्र एक पाऊल बाजूस टाकले की झाले. तेव्हा ज्यास वळणे सोपे त्याने वळावे, आणि ज्यास वळणे अवघड त्यास वाट मिळावी, हे तत्त्व त्या यादीच्या बुडाशी असावे असे आमचे अनुमान आहे. राजा आणि स्नातक ह्यांची नावे मात्र ह्या तत्त्वाने आत येत नाहीत. ती मानाने आलेली आहेत. त्याहून वाईट म्हणजे, खालच्या वर्णाने वरच्या वर्णास वाट द्यावी असेही आपस्तंब सांगतो. हा नियम सोयीचा नव्हे, उतरंडीचा आहे, आणि त्याच्या पोटी पुढे शतकानुशतके आपल्या रस्त्यांवर जे अपमान घडले ते लपवून ठेवून शास्त्रकारांची स्तुती करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाट देणे हे सौजन्य केव्हा होते आणि दास्य केव्हा होते, हे कोणत्या कारणासाठी वाट दिली ह्यावरून ठरते.

ह्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायात अपघाताचा विचार आला आहे, आणि तो आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. गाडीने कोणास इजा झाली असता ज्या दहा प्रसंगी दंड होऊ नये ते तेथे सांगितले आहेत. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक मोडले, दोर तुटले, अशी ती कारणे होत. परंतु ह्या सर्व यांत्रिक कारणांच्या शेवटी एक निराळेच कारण येते: गाडीवानाने ‘बाजूला हो’ असे मोठ्याने ओरडून सांगितले असल्यास त्यास दोष नाही. सायकलीच्या घंटेची ही आद्य पूर्वज म्हणावयास हरकत नाही. पुढे असेही म्हटले आहे की, हाकणारा अडाणी असल्यामुळे गाडी भलतीकडे वळून इजा झाली तर दोनशे पणांचा दंड गाडीच्या मालकास व्हावा. हाकणारा कुशल असूनही त्याच्या हातून चूक झाली तर दंड त्यास व्हावा. आणि चाकाखाली जनावर मेले असता काय करावे हेही सोडलेले नाही. गाढव, शेळी, मेंढी ह्यांच्याबद्दल पाच माष, आणि कुत्रे अगर डुक्कर मेल्यास एक माष दंड. एक माष ही काही मोठी रक्कम नव्हे, हे खरे. परंतु रस्त्यावर मेलेल्या कुत्र्याबद्दलही कोणीतरी उत्तर दिले पाहिजे, एवढी गोष्ट त्या काळच्या कायद्याने मान्य केली होती. आजच्या रस्त्यांवरून सकाळी फिरावयास जाणारास तीही मान्य झालेली दिसत नाही.

‘बाजूला हो’ असे ओरडले की चालक मोकळा, हा जो न्याय त्या ग्रंथात आहे तो बैलगाडीपुरता कदाचित चालूनही गेला असेल. बैलगाडी पायी चालण्याच्याच गतीने येते. तिच्या चाकांचा खडखडाट व बैलांच्या घुंगरांचा आवाज आधीपासून ऐकू येतच असतो. ओरडणे हे त्यावरचे शेवटचे शिक्कामोर्तब. सायकलीने ही सगळी व्यवस्था उलटीपालटी केली.

जर्मनीतील मॅनहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस ह्याने १८१७ साली दोन चाकांचे एक लाकडी वाहन तयार केले. त्याला पायटे नव्हते. त्यावर बसून पायाने जमीन मागे रेटीत पुढे जावयाचे. तत्कालीन रस्ते गाड्यांच्या चाकोऱ्यांनी इतके उखणलेले असत की, ह्या वाहनाचा तोल त्यांवर राहत नसे. तेव्हा स्वार पायी चालणारांसाठी राखलेल्या गुळगुळीत पदपथांवर चढले आणि तेथे लोकांच्या अंगावर जाऊ लागले. परिणाम असा झाला की, मॅनहाइमपासून लंडनपर्यंत अधिकाऱ्यांनी पदपथांवर ह्या वाहनास बंदी केली, आणि अशी बंदी आपल्या कलकत्त्यासही झाल्याचे सायकलीच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. म्हणजे सायकल पुरती जन्मास येण्यापूर्वीच तिचे पायी चालणारांशी भांडण जुंपले होते, आणि ते भांडण भारताच्या किनाऱ्यालाही येऊन लागले होते. वाचकांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. ते स्वार पदपथावर गेले ते सर्वस्वी मस्तीने गेले असे नाही; रस्ता त्यांना चालण्याजोगा नव्हता म्हणूनही गेले. पायी चालणारा व सायकलस्वार ह्यांची भांडणे पाहावी तर पुष्कळ वेळा असे दिसते की, ज्याने दोघांसाठी रस्ता बांधावयाचा तो तिसराच कोणी नामानिराळा राहिला आहे.

इंग्लंडात पुढे न्यायालयास एक चमत्कारिक प्रश्न सोडवावा लागला. सायकल ही गाडी आहे किंवा नाही? १८३५ च्या हायवे अ‍ॅक्टात बेफाम गाडी हाकणारास शिक्षा होती. पण तो कायदा झाला तेव्हा सायकलीचा मागमूसही नव्हता. १८७९ साली टेलर विरुद्ध गुडविन ह्या खटल्यात न्यायाधीशांनी निकाल दिला की, ह्या कामापुरती सायकल ही गाडीच समजावी. पुढे १८८८ च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टाने ती गोष्ट स्पष्टच करून टाकली. सायकलीला गाडीचा दर्जा मिळाला, आणि त्याबरोबर दोन कर्तव्ये तिच्या गळ्यात पडली: रात्री दिवा लावणे, आणि गाडी, घोडा अगर पायी चालणारा मनुष्य ह्यांस मागून गाठून पुढे जाताना, त्यांच्याजवळ पोचण्यापूर्वी पुरेशा अंतरावरून घंटा, शिटी अगर अन्य आवाजाने ऐकू जाईल अशी सूचना देणे.

ते १८८८ साल मोठे योगायोगाचे होते. त्याच वर्षी बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. आणि त्याच वर्षी आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह सायकलीचे दुकान घातले. पुढे नांगर, चरक आणि इंजिने ह्यांनी गाजलेल्या त्या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात सायकली विकण्यापासून व दुरुस्त करण्यापासून झाली. गिऱ्हाइकास सायकल चालवावयास शिकविण्याचीही तेथे सोय होती, आणि त्याची फी निराळी असे. आम्हांस ही शेवटची गोष्ट विशेष वाटते. आज सायकल विकणारा ती चालविण्याचे शिक्षण देत नाही, आणि घेणारा ते मागत नाही. गुडघे फोडून घेतल्यावर ते आपोआप येते असे आपण धरून चालतो. तोल सांभाळणे तसे येतही असेल. दुसऱ्याचा जीव सांभाळणे मात्र गुडघा फुटून येत नाही.

डनलॉपच्या टायरने सायकल सुखकर केली आणि त्याबरोबरच ती नि:शब्द केली. लाकडी अगर भरीव रबरी चाक दगडांवरून खडखडत येई. हवेचे चाक मांजराच्या पावलांनी येते. घोड्याच्या टापा, गाडीची घरघर, बैलांचे घुंगूर, ह्या सर्व नैसर्गिक सूचना होत्या. सायकलीला नैसर्गिक सूचनाच नाही, म्हणून तिला घंटा कृत्रिमपणे बसवावी लागली. (विजेवर चालणाऱ्या स्कूटरींच्या बाबतीत हाच प्रश्न आज पुन्हा उभा राहिला आहे.) घंटा म्हणजे हरवलेल्या खडखडाटाची भरपाई होय. हा तिचा मूळ अर्थ लक्षात ठेवला असता तर पुढची पुष्कळ भांडणे टळली असती. ‘मी येत आहे’ एवढेच सांगणे हे घंटेचे काम. पण स्वाराच्या हाती ती आली मात्र, आणि तिचा अर्थ बदलून ‘तू बाजूला हो’ असा झाला. म्हणजे मनुस्मृतीतील गाडीवानाची आरोळीच पुन्हा पितळेच्या वाटीतून वाजू लागली, आणि तिच्याबरोबर तो जुना समजही परत आला की, एकदा वाजविली की आपली जबाबदारी संपली.

ही जबाबदारी का संपत नाही, ते थोडा हिशेब केल्यास दिसून येईल. साधी देशी सायकल व तिच्यावरचा मनुष्य मिळून सुमारे ऐंशी किलो वजन धरा. ती तासास १५ किलोमीटर ह्या अगदी सामान्य वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदास चार मीटरांहून अधिक. पुढे चालणारा मनुष्य तासास ५ किलोमीटर जात आहे. मागून १५ मीटरांवर घंटा वाजली तर त्यास ऐकावयास, समजावयास आणि ठरवावयास सुमारे पाच सेकंद मिळतात. पाच मीटरांवर वाजली तर दोन सेकंदही मिळत नाहीत. आणि त्या दोन सेकंदांत मनुष्य जे करतो ते बहुधा नेमके चुकीचे असते. तो दचकतो, मागे वळून पाहतो, आणि वळताना ज्या बाजूस वळला त्याच बाजूस त्याचे पाऊल पडते. डोक्यावर भारा असलेल्या बाईस तर मान वळविताच येत नाही. तिला वळावयाचे म्हणजे सगळे अंगच वळवावे लागते, आणि तिच्याबरोबर दोन्ही बाजूंस हात हात बाहेर आलेला तो भाराही वळतो. बहिऱ्यास घंटा नाहीच. लहान मूल घंटा ऐकून आईकडे धावते, आणि आई रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस असते. ह्या सर्वांत चटकन वळू शकणारा, थांबू शकणारा आणि पुढचे सर्व पाहू शकणारा असा एकच प्राणी आहे, तो म्हणजे स्वार. तेव्हा मनूच्याच यादीमागचे तत्त्व लावावयाचे तर वाट देण्याचे कर्तव्य आता चाकाकडे येते, पायाकडे नाही. बैलगाडीचा मान सायकलीने मागणे हा वारसा हक्काचा गैरसमज आहे.

इंग्लंडातील कायदा ह्या निष्कर्षास सावकाश पोचला. घंटेची जी सक्ती १८८८ साली झाली ती १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टाने गेली. पुढे १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टाने घोडेवाटांवरून सायकल नेण्याची मोकळीक दिली, पण त्याच वाक्यात अट घातली की, स्वाराने पायी चालणारास व घोडेस्वारास वाट दिली पाहिजे. आणि तेथील हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून जो बदल झाला त्यात हेच तत्त्व सर्व रस्त्यांस लागू केले गेले: जो अधिक इजा करू शकतो त्याच्यावर अधिक काळजी घेण्याचा भार. सायकलीच्या बाबतीत त्यात असे सांगितले आहे की, पायी चालणारांच्या अगदी जवळून अगर वेगाने, विशेषतः मागून, जाऊ नये; ती माणसे बहिरी, अंध अगर अंशतः अंध असू शकतील हे ध्यानी धरावे. ह्यात नवीन असे काही नाही. चांगल्या घरातल्या आजीने नातवास सायकल देताना हेच सांगितले असते. परंतु आजीचे सांगणे कायद्याच्या पुस्तकात यावयास दीडशे वर्षे लागली.

आपल्याकडील कायद्यात ह्या विषयाचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी पडलेले आहेत. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २७९ व्या कलमाने गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम त्याच्या जागी आले. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्यास आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, पदपथावरून वाहन चालविण्यास किंवा जनावर नेण्यास मनाई करतो, आणि त्यातून सूट देतो ती एकट्या मुलांच्या बाबागाडीला. ही सूट वाचून आम्हांस नेहमी समाधान वाटते. पण पदपथच नाही अशा रस्त्यावर काय करावे, ह्याविषयी शहरासाठी लिहिलेले हे कायदे फारसे बोलत नाहीत, आणि सेनगावासारख्या गावातील लोकांना कायद्याऐवजी रिवाजावरच भिस्त ठेवावी लागते.

आता कुत्र्याकडे वळू. कुत्रा व सायकल ह्यांचे वैर सायकलीइतकेच जुने आहे. घोड्यास जो कुत्रा भीत असे तो सायकलीच्या मागे लागतो; पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे ही त्याची जात्याच खोड आहे, आणि सायकल ही त्याच्या दृष्टीने, पाय हलत असूनही न पळणारी आणि तरीही पळून जाणारी अशी एक अगम्य वस्तू असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ह्यावर एक भयंकर उपाय निघाला. गालाँ नावाच्या शस्त्रकाराने सायकलस्वारांसाठी खिशात मावेल असे एक लहान रिव्हॉल्व्हर तयार केले, आणि त्याचे नावच ‘व्हेलोडॉग’ असे पडले. ज्यांचे मन अगदीच धजत नसे त्यांच्यासाठी मेणाच्या अगर मिरपूड भरलेल्या काडतुसांचीही सोय होती. सुधारलेल्या युरोपात, फिरावयास निघालेला सभ्य गृहस्थ खिशात पिस्तूल घालून सायकलीवर बसतो, आणि ते कशासाठी, तर खेड्यातल्या कुत्र्यासाठी!

हे वाचीत असताना सेनगावाजवळच्या नर्सीची आठवण होणे अपरिहार्य आहे. कयाधू नदीच्या काठचे हे गाव परंपरेने तेराव्या शतकातील संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. संशोधकांत त्याविषयी मतभेद आहेत, आणि ते येथे मिटविण्याचे कारण नाही. नामदेवांची ती कथा महाराष्ट्रात लहान मुलासही ठाऊक असते: कुत्र्याने भाकरी पळविली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की कोरडी खाऊ नकोस. ह्या कथेत पाठलाग करणारा मनुष्य आहे आणि पळणारा कुत्रा आहे, हे मोठे मौजेचे आहे. कथा ऐतिहासिक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या मुलखाने ती सातशे वर्षे सांगितली त्या मुलखाच्या मनात कुत्र्याविषयी काय होते, ह्याचा तो पुरावा आहे. आणि त्या पुराव्याला दुसरी बाजूही आहे, हे सांगितलेच पाहिजे. त्याच मुलखात रस्त्यावरील कुत्र्यास दगड मारणे हा पोरांचा नित्याचा खेळ आहे, आणि दगड खाल्लेले कुत्रे पुढल्या सायकलस्वारावर त्याचा सूड घेते.

कुत्रा अंगावर आला असता पाय उचलून जोराने पळविणे हा स्वाराचा पहिला विचार असतो आणि तो बहुधा चुकीचा ठरतो, कारण पळणे हेच तर पाठलागाचे निमंत्रण. वेग कमी करावा, जरूर तर उतरून सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरावी, त्याच्या डोळ्यास डोळा भिडवू नये, आणि पाठ न दाखविता हळूहळू चालत जावे. कुत्र्याचा रस बहुधा तेथेच संपतो. धनगराचे कुत्रे असेल तर त्याचे काम आपणास ओळखणे हे नव्हे, कळप राखणे हे आहे. कळप ओलांडून जाईपर्यंत उतरून चालणे हाच तेथे शहाणपणा. पाळलेल्या कुत्र्याच्या मालकासही काही सांगावयाचे आहे. लांब साखळीचे एक टोक हातात आणि दुसरे रस्त्याच्या पलीकडे, अशी रचना म्हणजे स्वाराच्या गळ्याच्या अगर चाकाच्या उंचीवर बांधलेली तारच होय. जनावराच्या बाबतीत हयगय करून दुसऱ्यास धोका निर्माण करणे हाही न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने गुन्हा आहे. मालक नसलेल्या कुत्र्यांविषयी २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांस मूळ जागी सोडण्याची पद्धत घालून दिली आहे. ती किती गावांत खरोखर चालते, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

चावा झालाच तर हसण्यावारी नेऊ नये. जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलास जुलै १८८५ मध्ये लुई पाश्चर ह्यांनी लस टोचली, तेव्हापासून ह्या रोगाचा मृत्यू टाळता येण्याजोगा झाला आहे. पण लक्षणे उमटल्यावर आजही त्यावर जवळजवळ इलाज नाही. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मिरची असले लेप लावीत बसल्याने जी वेळ जाते ती परत मिळत नाही.

ही भीती केवळ हौशी स्वारांची असती तर आम्ही तिच्यावर इतकी शाई खर्च केली नसती. मानव विकास कार्यक्रमाखाली मराठवाड्यातील व इतरत्रच्या मागास तालुक्यांत, शाळेपासून काही अंतरावर राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्यात येतात. एस.टी. न पोचणाऱ्या वस्तीवरच्या मुलीस ह्या दोन चाकांवर पुढचे शिक्षण अवलंबून असते. अशी मुलगी पहाटेच्या अंधुक प्रकाशात निघते. एका बाजूस ऊस वाहणारा ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूस साइडपट्टीवर चारचार जणांची रांग करून फिरावयास निघालेली मंडळी, आणि वळणावर कुत्र्यांचे टोळके. ती एकदा पडली, अगर तिच्या सायकलीचा धक्का एखाद्या म्हाताऱ्यास लागून गावात बोलाचाली झाली, तर सायकल ओसरीत उभी राहते आणि मुलगी घरात. बापाला दोष देणे सोपे आहे. पण रस्त्यावर तिच्याशी कोण कसे वागले, ह्याचा हिशेब त्या बापाच्या निर्णयात मिळालेला असतो. फिरावयास जाणाऱ्या मंडळींनी दोघांहून अधिक एका रांगेत न चालणे, आणि कानात इअरफोन घालून रस्त्याच्या मधोमध न जाणे, हा त्या मुलीच्या शिक्षणास दिलेला हातभारच आहे. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ शाळांतून मुलांस डावीकडून चालावयास शिकविले गेले. इंग्लंडातील हायवे कोड मात्र पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणारास उजवीकडून, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, चालावयास सांगतो. त्यात शहाणपण आहे. जे डोळ्यांना समोरून दिसते त्यासाठी घंटेवर अवलंबून राहावे लागत नाही.

आणि आता पुन्हा पालखीकडे. वारीत ज्यांनी कधी चार पावले टाकली आहेत त्यांस ठाऊक आहे की, गर्दीतून पुढे जावयाचे झाल्यास वारकरी ‘सरका’ म्हणत नाही, ‘माऊली’ म्हणतो. पाण्याचा टँकरवाला, बंदोबस्ताचा पोलीस, दिंडी चुकलेला म्हातारा, सर्वांचा तोच एक शब्द. ह्या शब्दात वाट मागितली जाते, हुकूम दिला जात नाही. आणि ऐकणारा बाजूस होतो तो धक्का चुकविण्यासाठी नव्हे, तर कोणी आपणास आई म्हणून हाक मारली म्हणून. मनूच्या गाडीवानाने ओरडावे आणि जबाबदारीतून सुटावे. वारकऱ्याने हाक मारावी आणि तरीही थांबून राहावे. वर्णाच्या उतरंडीने वाट देण्याचा जो रिवाज शास्त्रांनी घालून दिला होता, तो मोडून सर्वांनी सर्वांस वाट देण्याचा दुसरा रिवाज ह्याच मुलखातील पायी चालणारांनी निर्माण केला, ही आमच्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक दुर्लक्षित गोष्ट आहे. अलीकडे नाशिकहून व इतर ठिकाणांहून पंढरपुरास सायकलींवरून जाणारे जथे निघू लागले आहेत. त्यांनी आपली घंटा पिशवीत ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. दूरवरून एकदा वाजवावी, आणि जवळ आल्यावर तोंडाने बोलावे.

आळंदी व देहूहून पंढरपुरास जाणाऱ्या पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसविण्यात आली. त्यांच्या दोन्ही बाजूंस पायी चालणारांसाठी स्वतंत्र पट्टी ठेवण्याची योजना आहे. ही पट्टी वारीच्या दिवसांत पावलांनी भरून जाईल. उरलेले अकरा महिने ती बव्हंशी मोकळी राहील, आणि मोकळी राहील म्हणजे तिच्यावर सायकली येतील, त्यांच्या मागून मोटारसायकली येतील, आणि सावलीस कुत्री येऊन निजतील. तेव्हा तिच्यावर कोणास मुभा द्यावयाची, आणि मुभा दिल्यास वाट कोणी कोणास द्यावयाची, हे फलकावर मराठीत लिहून ठेवण्याचे काम पट्टी बांधून झाल्याबरोबर करावे. शेगावहून सेनगाव, नर्सी, औंढा अशी येणारी वाट त्या मार्गांत मोडत नाही. तेथील साइडपट्टी निदान पावसाळ्यापूर्वी मुरूम टाकून दाबून घेतली, तर पालखीलाही ती उपयोगी पडेल आणि जूनमध्ये शाळा उघडताच सायकलीवर निघणाऱ्या त्या मुलींनाही.